मेलेल्यांचं वहीत लिहीत नाहीत

रादोय गेनोवचं वजन जानेवारीत एकशे अठरा किलोवर येऊन बसलं आणि मग उठायलाच तयार होईना.

तिथवरचा प्रवास झकास झाला होता. सप्टेंबरात काटा एकशे एकतीसवर होता. ड्रायव्हरांची तपासणी करणाऱ्या डॉक्टर युलियाना तेव्हा स्वतः बसमध्ये चढल्या आणि त्यांनी रादोयचं पोट आणि स्टिअरिंग यांच्यामधून आपल्या हातातली वही सरकवून पाहिली. वही गेली नाही.

"रादोयकाका," त्या म्हणाल्या, "तुमच्या रक्तातली साखर बघता तुमच्याभोवती माश्या कशा घोंगावत नाहीत, हेच मला कळत नाही. एप्रिलअखेर एकशे पंधराच्या आत या. नाही आलात तर मी सही करणार नाही."

मग तीच वही त्यांनी त्याला देऊन टाकली. तोंडात जे जाईल ते तिच्यात लिहायचं.

सही नाही म्हणजे बस नाही. बस नाही म्हणजे घर. घरात दोन वर्षांपासून एक फ्रिज आणि एक रेडिओ, एवढेच होते. दोघेही दिवसभर गुरगुरायचे, पण आपापसात. बायको होती, झ्लातका, तेव्हा ती स्वयंपाकघरातून अखंड बोलायची. त्यातलं निम्मं रादोयला ऐकू जायचं नाही, कारण पाळी संपवून आलेला तो कोचावर झोपलेला असायचा. आता तो टक्क जागा असायचा, तर बोलणारी नव्हती.

म्हणून त्याने वही मनावर घेतली. आमच्या डेपोतले तरुण ड्रायव्हर जर्मनीत बस चालवतात आणि त्यांच्या इथल्या बस रादोयसारखे साठीकडे झुकलेले लोक चालवतात. त्यामुळे आठ तासांची पाळी कधीच बारा तासांची झालेली. त्या बारा तासांत त्याला शेवटच्या थांब्यावर दहा-दहा मिनिटं मिळायची. पूर्वी तेवढ्यात चीजची पोळी आणि वर बाटलीभर बोझा, म्हणजे आंबवलेल्या धान्याचं ते दाट, गोड पेय, आरामात व्हायचं. आता तो डब्यातली काकडी खायचा. सकाळी दही, दुपारी उकडलेली कोंबडी, संध्याकाळी कोबी. वहीत सगळं सुवाच्य अक्षरात. चार महिन्यांत तेरा किलो गेले. डेपोतली वेळापत्रक बघणारी गिंका म्हणाली, "अरे, तुझी मान दिसायला लागली की! मला वाटायचं, तुला देवाने दिलीच नाही."

आणि मग एकशे अठरा. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. एकशे अठरा.

त्याने दह्यातली साय काढून टाकली. एकशे अठरा. संध्याकाळचा कोबी बंद केला. एकशे अठरा. काट्याची बॅटरी बदलली, तेव्हा एकशे अठरा किलो शंभर ग्रॅम. त्याने जुनीच परत बसवली.

डॉक्टर म्हणाल्या, चाला. आता बारा तास बसायचा पगार घेणाऱ्याने चालायचं कधी? पण रादोय हट्टी. तो शेवटच्या थांब्यावर बसभोवती फेऱ्या मारायला लागला. दहा मिनिटांत अकरा फेऱ्या. तिथे एका फाटकावर शारो नावाचा एक पिवळट कुत्रा असायचा. दोन दिवस तो नुसता बघत राहिला, तिसऱ्या दिवशी उठला आणि मागोमाग चालू लागला. शारो बारीक झाला. रादोय नाही.

"काय रे," गिंका एकदा त्या थांब्यावर वेळा तपासायला आली होती, ती म्हणाली, "बसचं दार सापडत नाहीये का?"

डॉक्टर वहीची पानं उलटसुलट करून बघत. "रादोयकाका, वही आणि काटा, दोघांपैकी एक खोटं बोलतंय."

"वहीत मी स्वतः लिहितो," रादोय म्हणाला. "काटा चिनी आहे."

तो खोटं बोलत नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे त्याच्यावर शंका येण्यासारखं बरंच आहे.

रादोयची बस होती बारा नंबरची, रेल्वे स्टेशन ते दफनभूमी. अकरा वर्षं तीच. तिला डेपोत कुणी हात लावायचा नाही, पण रादोयला ती आवडायची, कारण आमच्या गावात एवढी बोलकी बस दुसरी नाही. जाताना काळ्या रुमालांतल्या बायका फुलं आणि पिशव्या घेऊन चढायच्या, येताना रिकाम्या पिशव्या घेऊन. अमक्याचा नववा दिवस, तमकीचे सहा महिने, अमक्याचं वर्ष. शनिवारी तर पाय ठेवायला जागा नसायची. रादोयच्या समोर काचेखाली प्लास्टिकच्या चमच्यांचा एक जुडगा कायम पडलेला असायचा. तो कुणालाच दिसायचा नाही, कारण तो नेहमीच तिथे असायचा.

मार्चच्या मध्यावर एका शनिवारी, दुपारी, बस दफनभूमीच्या फाटकाशी उभी होती. अकरा फेऱ्या झाल्या होत्या. रादोय घाम पुसत जागेवर बसला, तेवढ्यात पुढच्या दाराने डॉक्टर युलियाना चढल्या. काळा कोट, काळा रुमाल, डोळे सुजलेले. त्यांनी पिशवीतून एक प्लास्टिकची वाटी काढली, त्यात उकडलेले गहू, वर पिठीसाखरेचा बोटभर थर, अक्रोडाचा चुरा, आणि कडेला खोचलेली एक वेफर बिस्किटाची पुडी. आणि कोणत्याही मुलीने करावं तसं, समोर कोण आहे ते न बघता, ती पुढे केली.

"बाबांसाठी. ख्रिस्तो नाव. आज चाळिसावा दिवस आहे."

रादोयने वाटी घेतली, काचेखालचा चमचा उचलला आणि त्यांच्यासमोर, तळ दिसेपर्यंत खाल्ली. वाटीचा तळ दिसेपर्यंत देणारीने उभं राहायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. आभार मानायचे नाहीत, हेही नाही. मेलेल्याच्या नावाने दिलेला घास खाणाऱ्याच्या तोंडून मेलेल्यालाच पोचतो, मग आभार कसले? "देव ख्रिस्तोला क्षमा करो," तो म्हणाला. मग त्याचे ओठ आणखी एकदा हलले, पण त्याचा आवाज आला नाही. शेवटी त्याने वेफरची पुडी फोडली.

आणि तेव्हा दोघांची नजरानजर झाली.

डॉक्टरांनी रिकाम्या वाटीकडे पाहिलं. मग चमच्यांच्या जुडग्याकडे. मग काचेखाली बसलेल्या पिठीसाखरेच्या बारीक पांढऱ्या रेघेकडे.

"रादोयकाका, हे... हे तुम्ही वहीत लिहिता?"

"हे?" रादोयला प्रश्नच कळला नाही. "हे माझं कुठे आहे? हे तर तुमच्या बाबांचं."

"पण पोटात तुमच्या गेलं ना!"

"पोट माझं. खाणं त्यांचं."

डॉक्टर समोरच्या सीटवर बसल्या. "रोज किती जण देतात?"

"आडवारी चार-पाच. शनिवारी मोजत नाही. पंधरा, सतरा. कधी गहू, कधी पोळी. उन्हाळ्यात कलिंगडही देतात."

"सतरा वाट्या," डॉक्टर हळूच म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले आणि बोटांवर काहीतरी हिशोब केला. आकडा बाहेर आला नाही, पण चेहरा पडला. "आणि तुम्ही संध्याकाळचा कोबी बंद केलात!"

"तुम्हीच म्हणालात, काहीतरी सोडा."

"अहो, हे सोडा ना! नाही म्हणायचं. मी आजारी आहे, डॉक्टरांनी मनाई केलीये, असं सांगायचं."

रादोयने रिकामी वाटी उचलली आणि दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर धरली. कुत्सितपणे नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तुमच्या बाबांना नाही म्हणू?"

बसमध्ये मागे दोना आजी बसली होती. ऐंशीची होती, दर शनिवारी नवऱ्याकडे जायची. ती तिथूनच म्हणाली, "गं बाई, मेलेल्याच्या तोंडातला घास काढतेस? तोही स्वतःच्या बापाच्या?"

डॉक्टरांनी रुमाल डोळ्यांवर ओढला. बस सुटायची वेळ झाली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "आजचं असू दे."

सोमवारी गिंकाला सगळं कळलं, कारण दोना आजीला फोन वापरता येतो.

"अरे, कबरीवरचे कावळेसुद्धा शनिवारी एवढं खात नाहीत!" गिंका हसून हसून टेबलावर पडली. मग डोळे पुसून वेळापत्रक पुढे ओढलं. "नाही म्हणता येत नाही ना तुला? मग जिथे कुणी देतच नाही तिथे जा. चार नंबर."

रादोयला दुसरा उपाय सुचत नव्हता. एप्रिलअखेरला सहा आठवडे उरले होते. तो चार नंबरवर गेला.

चार नंबर म्हणजे कारखाने ते नवं खरेदीसंकुल. लोक तरुण, कानात बोळे, हातात फोन. चढताना कार्ड मशीनला लावायचे. मशीन 'टिंग' म्हणायचं. दिवसभरात रादोयशी बोलणारं ते एकटंच. एकदा एका मुलीने "काका" म्हणून हाक मारली, तो हरखून वळला, तर ती फोनवर कुण्या काकाशी बोलत होती. शेवटच्या थांब्यावर त्याने बसभोवती फेऱ्या सुरू केल्या, तेव्हा खरेदीसंकुलाचा पहारेकरी आला आणि म्हणाला, "साहेब, इथे घुटमळायला मनाई आहे."

वजन मात्र उतरू लागलं, जणू त्यालाही तिथे राहवत नव्हतं. एकशे सतरा. एकशे सोळा. मधे ईस्टर आला, आणि रादोयला कुणी लाल अंडंही दिलं नाही. एकशे पंधरा.

पाचव्या आठवड्यात काय चुकतंय ते त्याच्या ध्यानात आलं. अकरा वर्षांतल्या शेवटच्या दोन वर्षांत, प्रत्येक वाटीनंतर, देणारीने सांगितलेल्या नावाला क्षमा मागून झाली की त्याचे ओठ आणखी एकदा हलायचे. 'आणि झ्लातकालाही.' बायकोच्या नावाने त्याने स्वतः कधी काही वाटलं नव्हतं. शनिवारी तो कायम पाळीवर, आणि गहू शिजवायचे कसे हे त्याला माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर रिकाम्या घरातून एकट्या पुरुषाने वाट्या भरून निघायचं, ही कल्पनाच त्याला सोसत नव्हती. म्हणून तो दुसऱ्यांच्या मेलेल्यांच्या मागे बायकोला बसवून द्यायचा, फुकट, बिनतिकीट. कुणाचं काही जात नव्हतं. आता चार नंबरवर कुणी मरतच नव्हतं. झ्लातका पाच आठवडे उपाशी होती.

तीस एप्रिलला काट्याने एकशे चौदा किलो तीनशे दाखवलं. डॉक्टर युलियानांनी वही पोट आणि स्टिअरिंग यांच्यामधून सरकवली, ती आरपार गेली. त्यांनी सही केली आणि म्हणाल्या, "अभिनंदन, रादोयकाका. आता कसं वाटतंय?"

"हलकं," रादोय म्हणाला, आणि तो ते ज्या सुरात म्हणाला त्यावरून डॉक्टरांनी रक्तदाब पुन्हा तपासला.

जूनमध्ये पितरांचा मोठा शनिवार येतो. त्याच्या आठवडाभर आधी रादोय गिंकाच्या खिडकीशी गेला.

"शनिवारी सुट्टी पाहिजे."

"अकरा वर्षांत शनिवार मागितला नाहीस. लग्नबिग्न करतोयस की काय?"

"गहू किती वेळ शिजवायचे?"

गिंकाने पेन खाली ठेवलं. "झ्लातकाने कधी सांगितलं नाही तुला?"

"सांगितलं असेल. मी झोपलो होतो."

"आदल्या रात्री भिजत घाल," गिंका म्हणाली, आणि या खेपेला हसली नाही. "फुटेपर्यंत शिजव. मग फडक्यावर पसरून सुकव. ओल्या गव्हावर साखर घातलीस तर चिखल होईल."

चिखल झाला. पहिला टोप करपला, दुसरा चिकट झाला, तिसरा कच्चा राहिला. पण शनिवारी सकाळी रादोय वीस वाट्या भरलेली पिशवी घेऊन रेल्वे स्टेशनच्या थांब्यावर उभा होता, स्वच्छ दाढी केलेला, बारा नंबरची वाट बघत. अकरा वर्षांत तो या बसमध्ये पहिल्यांदाच प्रवासी म्हणून चढणार होता.

चालवत होती स्तांका, ट्रॉलीबसवरून बदलून आलेली, चाळिशीची उंच बाई. तो पुढच्या दाराने चढला. त्याने पिशवीतून एक वाटी काढून पुढे केली.

"हे... झ्लातकासाठी."

इंजिन घरघरत होतं. मागे बायकांचा कलकलाट होता. स्तांकाने कानाशी हात नेला. "कुणासाठी, काका? मोठ्याने बोला, काही ऐकू येत नाही!"

दोन वर्षांत त्याने ते नाव आवाज काढून उच्चारलं नव्हतं. त्याने श्वास घेतला.

"झ्लातकासाठी! माझी बायको!"

बसमधला कलकलाट थांबला. स्तांकाने काचेखालचा चमचा घेतला, कच्चे गहू कडाकडा चावत वाटीचा तळ गाठला आणि म्हणाली, "देव झ्लातकाला क्षमा करो." मागून काळ्या रुमालांनी क्रूसाची खूण केली. दोना आजी म्हणाली, "इकडे आण रे एक, दात नाहीत पण चोखेन मी." एकेका हातात वाटी जात राहिली आणि वाटीगणिक झ्लातकाचं नाव कुणीतरी घेत राहिलं, वेगवेगळ्या आवाजांत, अनोळखी माणसांनी. पिशवी रिकामी झाली तेव्हा दफनभूमी आली होती.

सगळे उतरले. शारोने फाटकावरून पाहिलं, शेपूट हलवली आणि फेऱ्यांसाठी उठून उभा राहिला.

स्तांका चमचा पुसून जागेवर ठेवत होती. "काका, एक विचारू? या लाइनवर येऊन मला तीन महिने झाले, पँटचं बटण लागत नाही हो. नाही म्हणता येत नाही आणि खाऊन खाऊन जीव जातोय. तुम्ही काय करायचात?"

"बसभोवती फेऱ्या मारायचो. अकरा. शारो येतो बरोबर."

"आणि उपयोग होतो?"

रादोयने खाली उतरून कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"वजनाला नाही," तो म्हणाला.