आधी खेळून बघ

वॉशिंग मशीनने धुणं झाल्याची शीळ घातली आणि घरातली शांतता मोडली. भिंगरीच्या आईने मान वळवली नाही. ती लेकीच्या पलंगावर पाठीशी उशा घेऊन बसली होती आणि समोरच्या पडद्यावर एका जळक्या गोदामाच्या भिंतीआड दबा धरून होती. अशा वेळी कपडे वाळत घालायला कोण उठतं? मशीनने पुन्हा शीळ घातली.

"येते गं बाई," ती मशीनला म्हणाली, आणि जिन्यावरून उतरणाऱ्या एका अनोळखी माणसाला गोळी घातली.

हे सगळं ती कर्तव्य म्हणून करत होती, हे आधीच सांगितलेलं बरं.

झालं होतं असं, की पालकसभेत वर्गाच्या बाईंनी झाडून सगळ्या आईबापांना धारेवर धरलं. मुलं मारामारीचे गेम खेळतात आणि तुम्ही कानाडोळा करता, म्हणाल्या. भिंगरीची आई मान खाली घालून घरी आली आणि चपला काढता काढताच तिने गेम बंद झाल्याचं जाहीर केलं. भिंगरीने आकांत केला असता तर सोपं गेलं असतं. तिने नुसतं विचारलं, "तू बघितलायस का तो कधी?"

"न बघताच कळतं."

"मी भाजी न चाखताच नको म्हटलं की तू काय म्हणतेस?"

भिंगरीचा बाबा वर्तमानपत्राआड खोकला. ते खोकणं नव्हतं. "पोरगी बरोबर बोलतेय," तो म्हणाला. "आधी खेळून बघ, मग बोल."

"तू बघितलायस?"

"थोडा. रक्ताचा रंग साफ चुकलाय त्यांचा. एवढं लालभडक कुणाचंच नसतं. जरा तपकिरी टाकायला हवा होता." तो रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकांना हव्या त्या छटा मिसळून द्यायचा, आणि या गेमवर त्याची एवढी एकच हरकत होती.

मग तह झाला. आईने आठवडाभर खेळून बघायचं, रविवारी निकाल द्यायचा, आणि जो लागेल तो भिंगरीने निमूट मान्य करायचा. भिंगरीने पासवर्ड आईच्या हवाली केला. सासरी पाठवणी करावी तसा चेहरा करून म्हणाली, "माझ्याच नावाने खेळ. पण नीट खेळ हं. तिथे सगळे मला ओळखतात."

पहिल्या दिवशी आई भिंतीवर चालत गेली, मग पाण्यात पडली आणि शेवटी आपल्याच बॉम्बने उडाली. दुसऱ्या दिवशी मात्र हात बसला. ती सकाळची चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची, डोळ्याला दिसेल न दिसेल असला स्क्रू श्वास रोखून फिरवायची. न हलणारा हात आणि न लवणारी पापणी या भांडवलाचा असाही उपयोग असतो, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"काय, आज मोहीम फत्ते? की जेवणही आहे?" नवरा स्वयंपाकघरात डोकावून विचारायचा.

"तपासणी चालू आहे," ती म्हणायची. "घाईघाईत निकाल देता येत नाही."

"हो ना. आणि तपासणीत आपलं भिंगरी नाव गुणांच्या यादीत चांगलं वर चढलंय म्हणे."

"गप रे."

निकाल तसा तिच्या मनात तयार होता. बंद. असल्या खेळाने पोरांचं मन दगडाचं होतं, हे वाक्यही तिने काचा पुसता पुसता घोटून ठेवलं होतं.

त्या दुपारी, कपडे मशीनमध्येच असताना, ट्रकमागून लाल शिरस्त्राणाचा एक शिपाई बाहेर आला. त्याने तिला पाहिलं. हातातली बंदूक जमिनीवर ठेवली, दोन्ही हात वर केले आणि जागच्या जागी सावकाश एक गिरकी घेतली. मग तसाच उभा राहिला. घाई कसलीच नव्हती. आईने श्वास रोखला, नेम धरला आणि बटण दाबलं. शिपाई आडवा झाला. चौकटीत काच टक्कन बसावी तसं छातीत काहीतरी गोड बसलं. मग उठून तिने कपडे वाळत घातले.

भिंगरी शाळेतून आली ती थेट वरच्या मजल्यावर डुग्गूकडे खेळायला गेली, आणि खाली उतरली ती पडलेलं तोंड घेऊन.

"डुग्गू माझ्याशी कट्टी. म्हणतो, बंदूक खाली ठेवली तरी मारलंस." डुग्गूचा पाय प्लास्टरमध्ये होता, दिवसभर बिचारा घरीच. "मी म्हटलं, अरे, मी शाळेत होते. तर म्हणतो, खोटारडी."

"बंदूक खाली ठेवली म्हणजे?"

"आमच्या जिन्यातल्या मुलांचं ठरलेलं आहे. गेममध्ये नाहीये ते, आम्हीच ठरवलंय. बंदूक ठेवून गिरकी घेतली की तो आपला. मारायचं नाही. गेममधली माझी औषधं संपलेली दिसली म्हणून तो त्याची द्यायला आला होता."

पलंगावर बसलेल्या आईने हातातल्या टॉवेलची पुन्हा एकदा घडी केली. तो आधीच घडी केलेला होता.

"मीच होते ती," ती म्हणाली.

भिंगरीचा चेहरा उजळला. "मला वाटलंच! सांगते त्याला, आई नवशिकी आहे म्हणून. आणि तुला नियम कुठे माहीत होता? मीच सांगायची विसरले." तिने लगेच दोष आपल्या अंगावर घेतला, दप्तरासारखा. दाराकडे निघालीही. मग थबकली. "आणि तिथे अंधारच असतो. तो हात वर करून उभा होता, ते तुला दिसलं नसेल. हो ना?"

चालून आलेली सुटका होती. नुसती मान हलवायची होती. लेक वर पळाली असती, कट्टीची बट्टी झाली असती, आणि रविवारी दगडाच्या मनाचं वाक्यही म्हणता आलं असतं.

"दिसला," आई म्हणाली. "चांगला दिसला."

भिंगरी परत आली. पलंगाच्या कडेला, आईला खेटून बसली. रागावली नव्हती. गणित अडलं की वर बघायची तसं तिने आईकडे वर बघितलं.

"मग का मारलंस?"