थोरली, मधली, धाकटी

खट्, खट्, खट्. दूध काढायच्या यंत्राचा पंप बोलायला लागला तसं मेकॅनिकने बटण बंद केलं.

“काका, आधी हा आवाज नव्हता,” गोठेवाला म्हणाला. “ओढ कमी पडत होती, एवढंच. आता तर ठोके घालतोय. तिकडे गाई खोळंबल्यात. दुसरीकडे नेऊ का?”

“कान शाबूत आहेत माझे. चहा पिऊन या जरा.”

गोठेवाला गेला. बायको गेल्यावर हाती घेतलेला हा पहिलाच पंप. मुलीने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, “बाबा, आईशिवाय तुम्हाला जमायचं नाही. दुकान बंद करा नि इकडे या.” त्यावर हे महाशय बोलून बसले होते, “आई नुसती उचलून द्यायची. काम मीच करायचो.” आता आली का पंचाईत!

त्यांनी झाकण पुन्हा उघडलं. आत फिरणाऱ्या रोटरच्या तीन खाचांत तीन सरकत्या पट्ट्या, जिची तिची खाच ठरलेली, तिथेच झिजून बसलेली. बायको त्यांना थोरली, मधली, धाकटी म्हणायची. “जावा जावा, उभा दावा. एकीची खोली दुसरीला दिलीत की भांडण ठरलेलं,” असं म्हणून आपणच हसायची. ते पट्ट्या काढून देत, ती टेबलापलीकडे बसून पुसायची आणि फडक्यावर ओळीने मांडायची. बसवताना ते नुसता हात पुढे करत. कुठली कुठे, हे बघायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

आज पट्ट्या काढतानाही हात सवयीने पलीकडे गेला होता. तिच्या फडक्यावर, तिच्या डावीकडून त्यांनी त्या मांडल्या. बसवताना मात्र आपल्या डावीकडून उचलल्या.

हे काही त्यांच्या ध्यानात येईना. पट्ट्या काढून, जी जिथून उचलली होती तिथेच परत मांडली आणि ते बघत राहिले. तिन्ही एकसारख्या काळ्या. मुलगी म्हणते तेच खरं, असं वाटून त्यांना रडू आलं. शेवटी उठले, टेबलाला वळसा घातला आणि तिच्या बुटक्या स्टुलावर बसले.

इथे बसून डावीकडून मोजलं, तर थोरली दुसऱ्याच टोकाला होती.

“अगं, एवढंच होय!” ते मोठ्याने म्हणाले.

तिथेच बसून त्यांनी पट्ट्या बसवल्या, तेल भरलं, बटण दाबलं. पंप एका सुरात चालू लागला.

गोठेवाला दारात आला. “वा! काय झालं होतं हो?”

“जागा चुकली होती.”

गोठेवाल्याने पंप उचलून नेला, तरी ते उठले नाहीत. समोर दिव्याखाली त्यांची स्वतःची खुर्ची होती, मधे खोलगट झालेली. इतकी वर्षं बायको इथून त्यांच्याकडे बघत होती. ते रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले.