मोदिसेची आठ गुरं

मोचुदी गावची रीत साधी आहे. लेकीच्या लग्नात नवऱ्याकडून येणारी बोगादीची, म्हणजे वधूमूल्याची, गुरं बापाला घ्यायची असतील, तर आधी त्यानं तिच्या आईची बोगादी दिलेली पाहिजे. नाहीतर बापाच्या जागी मामा बसतो. गोसेगोच्या लग्नात तिरोमामाच बसणार होता. शाळेच्या बुटांपासून सगळं त्यानंच तर केलं होतं.

पण सव्वीस वर्षं तोंड न दाखवलेला तिचा बाप मोदिसे लग्नाच्या सकाळी, नवऱ्याकडची माणसं यायच्या तासभर आधी, आठ गुरं हाकत फाटकाशी उभा राहिला.

"आला बघा, आयत्या बिळावर नागोबा!" मामा म्हणाला. "इकडून आठ द्यायची, तिकडून आठ घ्यायची! गोसेगो, तू फक्त नाही म्हण. गुरांसकट हाकलतो."

गोसेगोला राग यायला हवा होता, निदान रडू तरी. काहीच आलं नाही. लहानपणी ती या माणसाची वाट बघायची. मग कधीतरी ते थांबलं आणि त्याबरोबर आतलं बरंच काही थांबलं. लग्नाची मागणी आली तेव्हाही ती नुसतं "बरं" म्हणाली होती.

अंगणात चटईवर ती आणि मामाच्या दोघी मुली घोंगड्या पांघरून, नजर खाली घालून बसल्या होत्या. मोदिसे टोपी काढून आला, वाकला आणि त्यानं लोराटोच्या, मामाच्या धाकटीच्या, डोक्यावर हात ठेवला.

"अगदी माझ्या आईवर गेलीस गं, पोरी." त्याचे डोळे भरून आले होते.

कुणीतरी फिसकन हसलं. मामा ताडकन उठला. "लेक कुठली तेही ठाऊक नाही याला! फिरवा रे ती गुरं!"

गोसेगोनं आईकडे पाहिलं. तिची बोगादी कधी आलीच नाही, म्हणून बिनलग्नाची ठरलेल्या केइतुमेत्सेला मानाच्या बायकांत बसता येत नव्हतं; ती चुलीपाशी उभी होती. तिनं लग्न झालेल्या बायकांची चौकटीची शाल अंगावर घेतली होती. शाल नवी होती, पण घड्यांच्या रेघा पक्क्या बसलेल्या. किती वर्षं ट्रंकेत होती कोण जाणे.

गोसेगो उठली. मामाकडे तिनं पाहिलंच नाही. लोराटोच्या डोक्यावरचा तो हात उचलून तिनं स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"इकडे, बाबा."

हात जड होता आणि कोमट होता. बाकी तिला काही वाटलं नाही.