बारशाला निघालेली मेंढी

मी मेंढी बोलतेय. अंगावर लोकर दिसत नाही म्हणून तोंड फिरवू नका. आमच्या तामाले शहराकडच्या मेंढ्यांना केसच असतात, आखूड आणि गुळगुळीत. इथल्या उन्हात लोकर पांघरून कोण फिरेल? माणसंसुद्धा फिरत नाहीत, आणि माणसं तर काय वाटेल ते करतात.

एरवी मेंढीच्या आयुष्यात सांगण्यासारखं फारसं नसतं. जन्मायचं, चरायचं आणि एके दिवशी कोणाच्या तरी घरच्या कार्याला कामी यायचं. त्यातही बळीचा म्हणून लोकांना बकराच आठवतो, आमचं नावही कोणी घेत नाही. पण मी विद्यापीठात दिवस काढलेली मेंढी आहे. माझ्यावर एक मुलगी शिकली, त्याची ही गोष्ट.

माझा जन्म सावेलुगूच्या वाटेवरच्या एका वस्तीत झाला, शेआच्या झाडाखाली. मालक म्हणजे वुंपिनीचा मामा. वुंपिनी म्हणजे ती मुलगी. तेव्हा ती विद्यापीठात रक्त-लघवी तपासण्याचं शास्त्र शिकत होती आणि शेवटच्या वर्षाला आली होती. एके दिवशी ती मामाकडे आली आणि म्हणाली, मला एक मेंढी हवी. मामा खूश झाला. त्याला वाटलं, पोरीचं लग्न ठरलं.

"लग्नाला नाही मामा, अभ्यासाला हवी."

"आमच्या वेळी अभ्यासाला पाटी लागायची," मामा म्हणाला, आणि त्याने माझ्या गळ्यात दोरी बांधली.

त्याचं असं होतं, की शेवटच्या वर्षी हुशार मुलांना ऑनर्सचा प्रकल्प करायची संधी मिळते. स्वतःचा प्रश्न स्वतः शोधायचा, त्याचं उत्तर स्वतः काढायचं आणि शेवटी परीक्षकांसमोर उभं राहून ते पटवून द्यायचं. नुसतं ऐकलं तरी केवढं मोठं वाटतं. प्रत्यक्षात निम्मा वर्ग हात धुण्यावरची प्रश्नावली घेऊन बाजारात फिरतो. तुम्ही हात धुता का? हो, धुतो. सगळेच हो म्हणतात. माणसांना असं विचारून कधी खरं कळलंय का?

वुंपिनीने मात्र माझं रक्त निवडलं, आणि त्यामागे तिचा धाकटा भाऊ होता. नापारी लहान असताना त्याचा घसा दुखायला लागला. घरच्यांनी त्याला दवाखान्यात नेलं. तिथे घशातून काडी फिरवून ती एका चपट्या बशीत टेकवतात. बशीत रक्त मिसळलेलं जंतूंचं जेवण असतं. घशात तो विशिष्ट खोडकर जंतू असेल, तर तो भोवतालचं रक्त खातो आणि आपल्याभोवती स्वच्छ कडं उमटवतो. पण आमच्याकडे या बश्यांत रक्तपेढीतलं शिळं झालेलं माणसाचं रक्त घालायची पद्धत होती, फेकण्यापेक्षा बरं म्हणून. त्या रक्तावर कडं नीट उमटत नाही. नापारीच्या बशीत काहीच दिसलं नाही. आल्याचं पाणी पाजा, असं सांगून त्याला घरी पाठवलं. काही आठवड्यांनी त्याचे गुडघे सुजले, आणि मग ते दुखणं काळजापर्यंत गेलं. आता तो फुटबॉलमध्ये गोलकीपर असतो, कारण गोलकीपरला पळावं लागत नाही.

पुस्तकं म्हणतात, बशीत मेंढीचं रक्त घाला. पण ती लिहिली लोकरीच्या मेंढ्यांच्या देशात; आमच्यासारख्या केसाळ मेंढीचं चालतं का, हे इथे कोणी पाहिलंच नव्हतं. विभागप्रमुख प्रोफेसर सुमानी हेच वुंपिनीचे मार्गदर्शक. विषय ऐकून ते हसले. "आपली मेंढी म्हणजे निम्मी शेळी," ते म्हणाले. "करून बघ. नाही जमलं तर हात धुण्याची प्रश्नावली आहेच." आणि मला न बघताच त्यांनी सही केली. निम्मी शेळी. हा शब्द मी त्या दिवसापासून चावतेय, अजून गिळलेला नाही.

विभागामागे मला झापाचं छप्पर मिळालं. खायला भुईमुगाचा पाला आणि याम नावाच्या कंदाची सालं. मी चालताना मान ताठ ठेवते म्हणून पोरांनी माझं नाव मॅडम ठेवलं. महिन्यातून एकदा वुंपिनी मला कार्यालयासमोरच्या कडुनिंबाखाली आणून बांधायची. मानेवरचे केस कात्रीने साफ करायची, स्पिरिट लावायची आणि माझ्या कानात पुटपुटत सुई घालायची. काचेचे मणी घातलेल्या बाटलीत रक्त पडलं, की ती बाटली गोल गोल हलवत राहायची, ताक घुसळावं तशी, म्हणजे ते गोठत नाही. शेवटी टोचल्या जागी जांभळं औषध. तो डाग पुढच्या खेपेपर्यंत जायचा नाही. दुखायचं थोडं, पण त्यानंतर यामची सालं दुप्पट मिळायची, त्यामुळे मी तक्रार केली नाही.

काम चांगलं चाललं होतं. रक्ताची शेवटची एक खेप राहिली होती. साऱ्या खेपा एकाच जनावराच्या हव्यात अशी प्रकल्पाची अट होती. मी नसते तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं, आणि तेवढा वेळ उरला नव्हता. ऑनर्स हुकलं असतं, आणि दवाखान्यातल्या बश्यांत तेच शिळं रक्त पडत राहिलं असतं.

नेमकी त्याच आठवड्यात प्रोफेसर साहेबांना नात झाली.

आमच्याकडे मूल झालं की बारशाला मेंढरू कापतात, आणि मोठ्या माणसाच्या घरी मूल झालं की लोक मेंढरं भेट देतात. औषधशास्त्राच्या डॉक्टर ब्राइमांनी एक द्यायचं कबूल केलं होतं. कडुनिंबाखाली बांधून ठेवतो, असा त्यांचा निरोप होता. साहेबांचा ड्रायव्हर सैदू ते आणायला गेला. त्या वेळी वुंपिनी माझी मान भादरून मण्यांची बाटली उकळायला आत गेली होती, आणि कडुनिंबाखाली मी उभी होते, मान ताठ करून. सैदूने मला उचललं, गाडीत टाकलं आणि वर माझी पाठ थोपटून म्हणाला, वा, साहेबांना शोभेल अशी आहे. मलाही ते ऐकून बरं वाटलं. स्तुतीने मेंढीसुद्धा फसते.

वुंपिनी बाहेर आली तेव्हा झाडाखाली माझ्या लेंड्यांशिवाय काही नव्हतं. चोरीच झाली असं तिला वाटलं. तिने बाजार पालथा घातला, खाटकांच्या दारात जाऊन प्रत्येक कातडं उलटून पाहिलं. हे मला तिनेच नंतर सांगितलं, माझ्या गळ्यात पडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारसं. अंगणात मांडव, खुर्च्या, जाड विणीचे फुगू अंगरखे घातलेले पुरुष, एकसारख्या कापडातल्या बायका. एका कोपऱ्यात मोठाली पातेली चुलीवर चढली होती. त्या पातेल्यांचा आकार मी नीट पाहून घेतला. मला मूठ नाही, नाहीतर जीव मुठीत धरला असता.

विभागातली मुलंही आली होती. त्यांच्यात वुंपिनी होती, रडून डोळे सुजलेले. मी तिला पाहिलं आणि जोरात ओरडले. तिने मान वर केली. तिला आनंद झाला तो एका क्षणापुरता, कारण लगेच तिला कळलं की मी कुठे बांधलेली आहे. मार्क देणारा माणूस, त्याच्या नातीचं बारसं, आणि तिथली भेट परत मागायची? आमच्याकडे असं कोणी करत नाही. ती तशीच उभी राहिली, ओढणीचं टोक पिळत.

अफा इद्दी म्हणजे गावातले मौलवी, जनावर तपासायचं काम त्यांचं. त्यांनी माझे दात पाहिले, कान पाहिले, मग हनुवटी वर केली आणि थांबले.

"हे काय? हिच्यावर तर कोणीतरी आधीच सुरुवात केलीय."

सगळे जमा झाले. भादरलेली मान, सुईच्या खुणा, जांभळा डाग. दुखरं जनावर बारशाला चालत नाही, अफांनी सांगून टाकलं. सैदू म्हणाला, ही डॉक्टर ब्राइमांची भेट आहे. डॉक्टर ब्राइमा वाकये, म्हणजे चवळीभात, खात होते. त्यांनी घास गिळला.

"माझा एडका आहे, पांढरा. काल दोरी तोडून पळाला. अजून शेजाऱ्याच्या मक्यात आहे."

"तुम्ही म्हणालात कडुनिंबाखाली," सैदू म्हणाला. "कडुनिंबाखाली हीच होती. मी काय शेपूट उचलून बघू?"

बायका पदराआड हसायला लागल्या. मग वुंपिनी पुढे झाली.

"सर, ही माझी आहे."

"तुझी म्हणजे?"

"माझा प्रकल्प आहे, सर."

अंगणभर हशा पिकला. साहेब वाकले आणि त्यांनी पहिल्यांदा मला नीट पाहिलं. "ही ती निम्मी शेळी?" ते म्हणाले. मी त्यांच्या तोंडावर ओरडले. मला शक्य होतं तेवढं केलं.

सगळं मिटलं असं वाटत होतं, तेवढ्यात साहेबांची आई, हज्जा मेमुनातू, काठी टेकत आली. या घरात तिच्यापुढे साहेबांचंही चालत नाही. बारशाच्या दारात आलेलं जनावर सोडून देणं बाळाला चांगलं नाही, असं तिचं म्हणणं. अफा म्हणाले कापता येत नाही, हज्जा म्हणाली परत जाता येत नाही. मी मध्ये उभी. वुंपिनीचा चेहरा पुन्हा पडला.

हज्जाने थोडा विचार केला. मग सुनेकडून बाळ घेतलं आणि त्याचा इवलासा हात माझ्या कपाळावर टेकवला.

"ही आता बाळीची झाली. कापायची नाही, ठेवायची. आणि बाळीची मेंढी ही पोरगी सांभाळेल. सांभाळता सांभाळता शिकेना का."

बाळीला विचारा, कोणीतरी म्हणालं. बाळी शिंकली. "हो म्हणाली," हज्जाने जाहीर केलं. त्याच दिवशी तिचं नाव रहिनातू ठेवलं. माझा जीव भांड्यात पडला, मी स्वतः पडले नाही एवढंच. मक्यातल्या त्या एडक्याला मात्र दुपारपर्यंत पकडून आणलं. मला वाईट वाटलं, पण जेवढं वाटायला हवं होतं तेवढं नाही. माणसांत राहून मीही थोडी माणसासारखी झालेय.

शेवटची खेप झाली. परीक्षेला राजधानी अक्राहून एक परीक्षक बाई आल्या होत्या. केसाळ मेंढीच्या रक्तावर खरंच विश्वास ठेवायचा का, त्यांनी विचारलं. मी खिडकीबाहेर चरत होते, म्हणजे चरायचं नाटक करत होते. वुंपिनीने दोन बश्या उचलून उजेडात धरल्या. माणसाच्या शिळ्या रक्तावर जंतू गुपचूप बसलेले. माझ्या रक्तावर प्रत्येकाभोवती स्वच्छ, गोल कडं. हातच्या काकणाला आरसा कशाला? बाई बश्या परत द्यायलाच तयार नव्हत्या.

साहेब खिडकीशी आले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पूर्ण मेंढी. लिहून घ्या." तेव्हा कुठे मी तो जुना शब्द गिळला.

आता दवाखान्यातल्या बश्या माझ्याच रक्ताच्या असतात, आणि वुंपिनी तिथेच त्या टेबलावर काम करते. विभागामागे पक्का गोठा झाला, मला तीन मुली झाल्या, त्याही कामाला लागल्या. दर वर्षी ऑनर्सची नवी पोरं येतात. एक माझं रक्त फ्रीजमध्ये किती टिकतं ते बघतो, एकीला माझ्या चाऱ्याबद्दल प्रश्न पडलाय. हात धुण्याच्या प्रश्नावल्या अजून आहेत, पण कमी झाल्या. त्या पोरांना माझं एकच सांगणं आहे: प्रश्न कुठलाही घ्या, पण आधी गोठ्यात येऊन आम्हाला बघून जा. आणि कात्री बोथट नको.

गेल्या हरमाटनच्या, म्हणजे वाळवंटाकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याच्या, धुळीत हज्जा गोठ्यापाशी आली होती. हाताला धरलेली रहिनातू, आता चांगली शाळेत जाणारी, पण तापाने मलूल. घसा दुखतोय, गिळता येत नाही. हज्जाने तिचा हात पुन्हा माझ्या कपाळावर ठेवला आणि दोघी दवाखान्यात गेल्या. काडी वुंपिनीनेच फिरवली. बशीत माझंच रक्त होतं. दुसऱ्या दिवशी त्यावर कडं उमटलं, इतकं स्वच्छ की वुंपिनी ती बशी घेऊन मला दाखवायला गोठ्यापर्यंत आली. त्याच दिवशी औषध सुरू झालं, आणि हज्जाने एकही गोळी चुकू दिली नाही, त्यामुळे ते दुखणं नापारीसारखं गुडघ्यांत आणि काळजात उतरलं नाही.

जिच्या बारशाला माझा रस्सा व्हायचा होता, तिचं दुखणं माझ्या रक्ताने ओळखलं. मेंढीने यापेक्षा जास्त काय मागावं?

बरं, आता बोलणं पुरे. फाटकाकडून रहिनातू यामची सालं घेऊन येतेय. धावत येतेय. मी थोडा वेळ नुसती तिचे पाय बघते.