नवसाचे केस

दिपमालाच्या डोक्याला चाई लागली तेव्हा ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. आधी रुपयाएवढा चट्टा, मग तळहाताएवढा, आणि बघता बघता अर्धं डोकं उघडं पडलं. सोनगीरच्या बाया काय, तोंडावर हळहळायच्या आणि पाठ वळली की कुजबुजायच्या. तिच्या आईनं, झुंबरबाईनं, कांदा चोळला, गुंजपाला चोळला, कुणी सांगेल ते चोळलं. पोरीच्या टाळूची नुसती आग झाली.

मग धुळ्याच्या एका दवाखान्यात चाईवरच्या नव्या गोळीची चाचणी निघाली. काहींना खरी गोळी, काहींना नुसतीच पांढरी, बिनऔषधाची. कुणाला कोणती, ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही म्हणे. असल्या कारभारावर झुंबरबाईचा कसला विश्वास बसतोय! पहिली गोळी लेकीच्या हातावर ठेवायच्या आधीच तिनं कुलदेवीला नवस बोलून टाकला: केस आले तर पहिले केस तुझेच.

आणि केस आले की हो! आधी लव, मग काळेभोर, पार मानेपर्यंत. "देवी पावनी!" झुंबरबाईनं गावभर सांगितलं. गोळीचं नावही काढलं नाही.

चाचणी संपली त्या दिवशी झुंबरबाई दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसली होती. दिपमाला एकटीच आत जाऊन डॉक्टरांना भेटून आली. बसमध्ये एवढंच म्हणाली, "माय, एकदाव गजरा माळू दे ना. मंग दे देवीले."

"येडी शे का? नवसना केस मिरवू नही. परत येतीन ना!"

मंगळवारी देवीच्या दारात न्हाव्यानं वस्तरा चालवला.

पावसाळा सरला, कपाशी वेचणीला आली, डोकं तसंच तुळतुळीत. एका दुपारी शेतात झुंबरबाईनं विचारलंच, "पोरी, केस काबरं उनात नही?"

"गोळ्या सरन्यात, माय. डॉक्टर बोलले व्हतात, गोळी बंद व्हयनी का केस गळी जातीन."

"मंग तू सांगं काबरं नही?"

"देवी पावनी, असं बठ्ठा गावले तू सांगं व्हतं. तुले खोटं पाडू का?" दिपमाला बोंडातला कापूस ओढत राहिली. "तसे बी ते केस गळताच. म्हनीसन देवीले देऊ दिधात."

झुंबरबाईला रडूच कोसळलं. नवस गेला चुलीत. पोरीनं मागून मागून मागितला होता एक गजरा.

बाजाराच्या दिवशी तिनं मोगऱ्याचा गजरा घेतला. देवीला वाहावा, तर हात उचलेना. पोरीला द्यावा, तर कोणत्या तोंडानं? पदराच्या गाठीतच तो वाळून गेला.