उतरत नाही असा व्हिडिओ

"डिलीट कर म्हणतो ना!" दिनेशने लोखंडी पाइप काउंटरवर आपटला. काच फुटली, दुरुस्तीला आलेले मोबाईल जमिनीवर विखुरले.

चामोर्शीच्या बाजारातलं निशातचं दुकान. भर दुपार. समोरचे दुकानदार नुसते पाहत होते.

"तो माह्या हातात नाई आता, भाऊ," निशात म्हणाली. "हजारो कॉम्प्युटरवर त्याच्या नकला आहेत. मी मिटवतो म्हटलं तरी मिटत नाई."

दिनेश आणि त्याच्या साथीदारांनी त्यांच्याच गावातल्या सोमारीला, ती जादूटोणा करते म्हणून, झाडाला बांधून, लुगडं फेडून मारलं होतं. तिच्या मुलीने, मोनालीने, कुडाच्या भिंतीतल्या फटीतून ते मोबाईलवर टिपलं. नेहमीच्या साइटवर टाकलं, तर दिनेशच्या माणसांनी तक्रारी करून तासाभरात उतरवलं. मग निशातनेच तिला ब्लॉकचेनवरची नवी जागा दाखवली. तिथे मालक कोणी नाही. एकदा चढलेलं उतरत नाही. व्हिडिओ जिल्हाभर फिरला, तेव्हा कुठे गुन्हा नोंदला गेला. दिनेश जामिनावर सुटला तो थेट इथे आला.

"मिटत नाई?" त्याने तिचा उजवा हात काउंटरवर दाबून धरला. पाइप तीनदा खाली आला. निशातला हाडांचा आवाज आधी ऐकू आला, कळ नंतर आली.

दिनेश पुन्हा तुरुंगात गेला. निशातची दोन बोटं मात्र वाकडीच जुळली. बारीक स्क्रू धरता येईनात, म्हणून ती आता नुसते रिचार्ज करायची.

एका बाजाराच्या दिवशी मोनाली आईला घेऊन आली.

"बाई, काढून टाक ना तो व्हिडिओ," सोमारी म्हणाली. "बाजारात चारोळी विकाले बसतो, तं लोक माह्या तोंडाकडं पाहतेत, मंग मोबाईलकडं."

पाइपसमोर जे वाक्य ताठ मानेने म्हटलं होतं, तेच निशात आता खाली पाहून म्हणाली.

"नाई निघत, मावशी. कोणालेच नाई निघत."

सोमारी खाली बसली. "मंग दाखव मले. साऱ्यायनं पाह्यलं, म्याच नाई पाह्यलं."

मोनाली बाहेर निघून गेली. निशातने डाव्या हाताने मोबाईल पुढे धरला. सोमारीने डोळे न हलवता पाहिलं.

"मी ओरडून राह्यली होती ना? आवाज काऊन नाई येत?"

"तुम्ही ओरडल्याच नाई, मावशी."

सोमारीने हात पुढे केला आणि पडद्यावरच्या त्या बाईच्या उघड्या खांद्यावर आपला अंगठा ठेवला.