ताईच्या बाजूला नको

गल्लीत तिला फिनेलताई म्हणत, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. अख्खी नोकरी सरकारी इस्पितळाच्या धुलाईखान्यात गेलेली. रक्ताचे, पुवाचे आणि ज्यांचं नाव चारचौघांत घेत नाहीत असे सगळे डाग तिनं पाहिले होते आणि काढलेही होते. घाणीला ती भीत नसे, घाणीवर चिडत असे. दारासमोर कुणी थुंकलं तर त्याच्या हातात बादली देऊन ते धुवून घेतल्याशिवाय ती त्याला पुढे जाऊ देत नसे.

अशा बाईच्या शेजारी विद्यापीठानं उकिरडा मांडला होता.

म्हणायला ते शेजारचं घर होतं. पण विद्यापीठाला वाढायचं होतं. शहर चहूबाजूंनी वाढतंय, मग विद्यापीठानंच काय म्हणून अंग चोरून बसायचं? पुढच्या अंगाला त्यांचं भलंमोठं हिरवंगार मैदान होतं. त्यावर बांधायचं नाव काढायची सोय नव्हती, कारण माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर तेच छापलेलं असे. विद्यार्थ्यांना त्यावर पाय ठेवायलासुद्धा बंदी होती. तेव्हा नजर गेली ती मागच्या अंगाला, या गल्लीवर. एकेक घर विकत घ्यायचं, दारंखिडक्या काढून न्यायच्या आणि घर तसंच आ वासून सोडून द्यायचं. पाडायचं नाही, राखायचंही नाही. गल्लीच्या तोंडाशी मात्र ही एवढी मोठी पाटी लावली होती, 'येथे साकारत आहे ज्ञाननगरी'. तिच्याखाली आजवर फक्त एक डबकं साकारलं होतं आणि त्यात डास शिकत होते.

शेजारचं घर रिकामं झालं तसा तिथून वास यायला लागला. उंदीर मेला असेल, जाईल दोन दिवसांत, असं ताईला वाटलं. पण वास जायचं सोडून बस्तान बसवायला लागला. आंबट, चिकट वास. मग माश्या आल्या. एका हातानं घास घ्यावा आणि दुसऱ्यानं माश्या वाराव्यात, तरी एखादी घासासोबत जाते की काय या धास्तीनं अन्न घशाखाली उतरेना. घुशी इतक्या माजल्या की गल्लीतली मांजरं त्यांना वाट करून देऊ लागली. ताई पहाटे उठून अंगण धुवायची, भिंती धुवायची, गटारात उकळतं पाणी ओतायची, आणि दुपारपर्यंत सगळं पुन्हा होतं तसं. माडीवरच्या खोल्या तिनं विद्यार्थ्यांना भाड्यानं दिल्या होत्या. ती पोरं एकेक करून गेली. शेवटची मुलगी जाताना ओशाळून म्हणाली, "आजी, तुमचा राग नाही हो. पण धुतलेल्या कपड्यांनाही वास लागतो."

धुतलेल्या कपड्यांना! ताईला कुणी भर रस्त्यात मुस्काटात दिली असती तरी इतकं लागलं नसतं.

त्या रिकाम्या घराच्या पलीकडे घड्याळवाले राहायचे. घड्याळं दुरुस्त करणारा मऊ बोलण्याचा माणूस, बायको दम्याची. विद्यापीठाला घर देऊन तेही महिन्यापूर्वी मोकळे झाले. सामान टेम्पोत चढत असताना ताई कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली.

"एवढ्याशा वासाला शेपूट घालता? मी नाही का राहत इथं?"

"ताई," घड्याळवाले म्हणाले, "तुमच्याकडे इतका येत नसेल."

"वास काय घर बघून येतो होय?"

घड्याळवाल्यांनी बायकोला हात धरून टेम्पोत बसवलं. तिची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. ताई मात्र त्या दिवशी स्वतःवर खूष होती. सगळे पळाले, एकटी मी उरले, असं तिनं आल्यागेल्याला ऐकवलं.

आता गल्लीत विकायचं राहिलेलं तिचं एकच घर होतं. ते ती देईना, म्हणून विद्यापीठानं नगरपालिकेकडे अर्ज टाकला होता. ही वस्ती माणसांनी राहण्याच्या लायकीची उरलेली नाही असं एकदा ठरलं, की घर तिच्या मर्जीशिवाय ताब्यात घेता येणार होतं. त्याची सुनावणी पुढच्या आठवड्यात होती.

या सगळ्यात तिला आधार होता तो धाकट्या भावाचा. बाब्या विद्यापीठात सफाईखात्याचा मुकादम होता. आई लवकर गेली. त्याचं नाक पुसण्यापासून त्याला नोकरीला चिकटवण्यापर्यंत सगळं ताईनं केलं आणि त्यात स्वतःचं लग्न राहून गेलं. विद्यापीठानं बाब्याला राहायला क्वार्टर दिलं, म्हणून वडिलांनी घर ताईच्या नावे केलं. दर रविवारी तो यायचा. नाकाला रुमाल लावून चहा प्यायचा, "काय एकेक लोक असतात!" म्हणून हळहळायचा आणि विद्यापीठाच्या कोठारातला फिनेलचा एक कॅन दाराशी ठेवून जायचा. "वर सांगतो मी, ताई. तू काळजी करू नको." बिचारा सांगून सांगून थकला असेल, असं ताईला वाटे.

सुनावणी चार दिवसांवर आली असताना, भरदुपारी, मागचं गटार तुंबलं. कुठं अडलंय ते बघायला ताई गच्चीवर गेली. गच्चीतून शेजारचं परसू दिसतं. एरवी ती तिकडे बघायचं टाळायची. त्या दिवशी तिथं एक निळी गाडी उलटी लावलेली होती, विद्यापीठाचं चिन्ह रंगवलेली, आणि दोन माणसं पोती उतरवत होती. एक पोतं फुटून त्यातून वसतिगृहाच्या भोजनगृहातलं खरकटं भसकन बाहेर आलं. दुसऱ्यात भुसा होता, प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या पिंजऱ्यातला, मुतानं भिजून काळा पडलेला.

"अरे इकडं नको," खालून आवाज आला. "ताईच्या बाजूला नको. पलीकडं टाक, त्या भिंतीला. आणि पोतं वरून फोड. बंद ठेवलं तर वास सुटणार कसा?"

आवाज ओळखायला तिला वेळ लागला नाही. खाली बाब्या उभा होता. गणवेशाला कडक इस्त्री, पायात रबरी बूट. चोख काम करून घेणारा माणूस उभा राहतो तसा उभा होता.

ताईला राग आला नाही. आधी ओकारी आली. गच्चीचा कठडा धरून ती वाकली आणि कोरडीच ओकत राहिली. ती पलीकडची भिंत घड्याळवाल्यांची होती. तिच्याकडे येत होता तो त्यांच्याकडून उरलेला वास होता. तेवढ्यावर ती कंबर कसून उभी होती आणि त्या दम्याच्या बाईला तिनं पळपुटी ठरवलं होतं. भावाची किळस आली त्याच दमात तिला स्वतःचीही किळस आली.

"बाब्या! वर ये."

तो वर आला. आधी चेहरा उतरलेला होता, पण जिना चढेपर्यंत त्यानं तो सावरला.

"ताई, हुकूम आहे वरून. 'ताब्यातील घरे नैसर्गिक अवस्थेत ठेवावीत.' असं लिहून येत नाही, तोंडी सांगतात."

"पोती काय निसर्ग टाकतो?"

"मी नाही टाकली तर दुसरा टाकेल. तो तर नेमका तुझ्याच भिंतीला टाकेल. मी आहे म्हणून तुला निम्मा त्रास आहे, हे लक्षात घे."

"आणि घड्याळवाले?"

"ते आपले कोण लागतात?"

"आणि दर रविवारी मला फिनेल आणून देत होतास."

"मग? तेवढंही करू नको का बहिणीसाठी?"

तो मनापासून विचारत होता. त्याच्या डोळ्यांत लबाडी असती तर ताईला बरं वाटलं असतं. तो खरोखरच दुखावला होता. इतकं जपलं आणि हिला त्याचं काहीच नाही, असं त्याच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

"सुनावणीत माझं नाव घेऊ नको," तो खालच्या आवाजात म्हणाला. "नोकरी जाईल, क्वार्टर जाईल. पोरीची फी माफ आहे, तिचं शिक्षण अर्धवट राहील. तुझीच भाची आहे ती."

"खाली जा," ताई म्हणाली. "बुटांनी गच्ची भरवलीस."

चार दिवस ती नुसत्या चहावर राहिली. हो-नाही करत शेवटी तिनं ठरवलं की घाण विद्यापीठ टाकतं एवढंच सांगायचं, भावाचं नाव काढायचं नाही. कसाही असला तरी रक्ताचा होता. हे ठरवून तिला हलकं वाटायला हवं होतं, तसं काही वाटलं नाही.

सुनावणी विद्यापीठाच्याच सभागृहात होती. आत कसलासा सुवास फवारलेला, खुर्च्या मऊ, पाण्याच्या बाटल्या रांगेत मांडलेल्या. नगरपालिकेची समिती मंचावर बसली होती. अध्यक्ष म्हणजे एक टकलू, कंटाळलेला अधिकारी. विद्यापीठाचे कुलसचिव उठले. बोलणं असं गोड की ऐकताना दात शिवशिवावेत. त्यांनी पडद्यावर एक फोटो दाखवला. शेजारचं परसू, भिंतीएवढं मोठं करून. पोती, माश्या, खरकट्यात वळवळणाऱ्या अळ्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं तोंडाला रुमाल लावला.

"या परिस्थितीत आमचे शेजारी राहतात," कुलसचिव हळहळून म्हणाले. "त्यांच्या आरोग्याच्या चिंतेनं आम्हाला झोप लागत नाही."

ताई उठली. "हे घर तुमचंच आहे. घाणही तुमचीच आहे. तुमच्या गाडीतून पोती उतरताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीत."

कुलसचिवांनी तिच्याकडे न बघता दाराकडे खूण केली. "आमचे सफाईप्रमुख इथंच आहेत. योगायोगानं बाईंचे सख्खे बंधू आहेत. त्यांनाच विचारू."

बाब्या पुढे आला. हात जोडले.

"साहेब, सख्ख्या बहिणीबद्दल खोटं कसं बोलू? ताईला पहिल्यापासून स्वच्छतेचं वेड आहे. गल्लीत फिनेलताई म्हणतात तिला." सभागृहात खसखस पिकली. त्यानं बाब्याला हुरूप आला. "हल्ली वय झालंय. नसलेला वास येतो तिला. तिथं तसलं काही नाही, साहेब."

लोक हसले. कुलसचिवही हसले. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज तिनं चढू दिला नाही.

"तिथं काही नाही? मग त्या फोटोत काय मोगऱ्याचं शेत आहे?"

हसू जागच्या जागी थांबलं. अध्यक्ष पहिल्यांदाच ताठ बसले. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग बाब्याकडे, मग कुलसचिवांकडे.

"काय हो, घाण आहे की नाही? तुम्ही दोघं आपसांत एकदा ठरवून घ्या."

"घाण आहे," कुलसचिव घाईनं म्हणाले. "अज्ञात व्यक्ती टाकतात. मुकादमांना तितकीशी कल्पना नसावी."

"बाई, तुम्ही पाहिलंत म्हणता ना? कोण टाकतं?"

"विद्यापीठ."

"विद्यापीठ पोती उचलत नाही, बाई. माणसाचं नाव लागतं. नाव दिलंत तर तक्रार नोंदवतो, चौकशी लावतो, आणि तोवर हा अर्ज जागेवर थांबतो. नाव नसेल तर मला पुढं जावं लागेल."

कुलसचिव मंचावरून उतरून तिच्याजवळ आले. हातात संमतिपत्र होतं. "कशाला भावाबहिणींत वितुष्ट?" ते कुजबुजले. "इथं सही करा. भाव चांगला देऊ. बंधूंकडेही आम्ही बघू." आणि बाब्यानं, कुणी न सांगता, खिशातलं पेन काढलं. टोपण काढून तिच्यापुढे धरलं.

"कर सही, ताई," तो म्हणाला. "आत्ता हसले लोक, ते विसर. तुझ्या भल्यासाठीच बोललो. एक पोतं तुझ्या भिंतीला लागू दिलं नाही मी आजवर."

त्याचा हात तिच्या तोंडाजवळ होता. मनगटापर्यंत साबणानं घासलेला, नखांत कण नसलेला हात. त्याला साबणाचाच वास येत होता आणि ताईला त्या सुवासानं पुन्हा मळमळलं. आयुष्यभर हाताळलेल्या कुठल्याच घाणीनं तिला असं झालं नव्हतं.

"टोपण लाव," ती म्हणाली. "शाई सांडेल."

मग तिनं अध्यक्षांकडे तोंड केलं. "लिहून घ्या. हुकूम कुणाचा होता ते तोच सांगेल, पण नाव मी देते."

तिनं भावाचं नाव सांगितलं. बाब्या नाही, शाळेच्या दाखल्यावरचं. मागोमाग वडिलांचं नाव, मग आडनाव, मग हुद्दा. सगळं सावकाश, लिहिणाऱ्याला जमेल असं. बाब्या "ताई, ताई" म्हणत राहिला. समितीच्या कारकुनानं मान वर केली. आडनाव त्याला नीट ऐकू आलं नव्हतं.

तिनं ते पुन्हा सांगितलं, अक्षर न् अक्षर सुटं करून. तिचंही तेच होतं.